‘समज देऊन सोडलं’, पण पुढं काय झालं?



आजचा विषय गटांच्या बैठकांमधूनच आमच्याकडे आला आहे. नवरा मारतो म्हणून बाई पोलीस ठाण्यात जाते. पोलीस त्याला बोलावतात, चार शब्द सुनावतात आणि समज देऊन सोडतात. पुष्कळदा एनसी लिहून घेतात आणि दोघांना एकाच रिक्षानं घरी धाडतात. हे बरोबर आहे का, असं बैठकीत विचारलं की लगेच दोन तट पडतात. काहीजणी म्हणतात, एक रात्र लॉकअपमध्ये काढली असती तर चांगली अद्दल घडली असती. बाकीच्या म्हणतात, आत टाकला की सुटून आल्यावर दुप्पट मारतो, आणि त्याची मजुरी बुडाली की चूल विझते ती आपलीच. दोन्हीकडे उदाहरणं असतात आणि दोन्ही खरी असतात. म्हणून हे भांडण कधी मिटत नाही.

हा प्रश्न मोजून पाहता येईल का, असा विचार अमेरिकेतल्या एका प्राध्यापकानं केला. त्यांचं नाव लॉरेन्स शर्मन. विषय गुन्हेगारीशास्त्र. म्हणजे वकिली नव्हे आणि फौजदारकीही नव्हे. गुन्हा का होतो, पोलीस त्यावर काय करतात आणि त्याचा परिणाम काय होतो, याचा अभ्यास. त्यांनी काय केलं आणि त्यातून काय निघालं, ते आज सांगतो. ही सगळी हकिकत दूरदेशची आहे. तिथले कायदे वेगळे, माणसं वेगळी. पण मार खाऊन दारात उभी असलेली बाई तिथंही होती आणि ‘घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या’ म्हणणारा पोलीसही होता.

आधी शर्मन यांच्या गुरूंबद्दल सांगायला हवं, कारण खोड तिथली आहे. त्यांचं नाव आल्बर्ट रीस. पोलीस काय करतात हे पोलिसांना विचारून कळत नाही, जवळ बसून पाहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. १९६६ साली त्यांनी ३६ निरीक्षक तयार केले आणि बॉस्टन, शिकागो आणि वॉशिंग्टन या तीन शहरांत पोलिसांच्या गस्तीच्या गाड्यांतून पाठवले. पोलिसांनी कुणाशी काय बोलणं केलं, कुणाची तक्रार लिहिली, कुणाची नाही, हे त्यांनी टिपून ठेवलं. डोनाल्ड ब्लॅक नावाचा त्यांचा एक विद्यार्थी होता. त्यानं या नोंदी तपासल्या आणि १९७० साली एक गोष्ट मांडली, ती ऐकून तुम्ही म्हणाल यात नवीन काय! तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, यांचं नातं जितकं जवळचं, तितकी पोलिसांनी तक्रार लिहून घेण्याची शक्यता कमी. परक्यानं मारलं तर कागद होतो, घरच्यानं मारलं तर बहुधा होत नाही. आपल्याला हे अनुभवानं माहीत असतंच. पण अनुभव सांगणाऱ्या बाईला ‘तुझ्यापुरतं असेल’ म्हणता येतं. हजारो नोंदी समोर ठेवल्या की तसं म्हणता येत नाही.

याच रीस यांच्या हाताखाली येल विद्यापीठात शर्मन शिकले. त्याआधी त्यांनी न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यात काम केलं होतं. गुरूंनी पाहायला शिकवलं, चेल्यानं त्यापुढं पाऊल टाकलं: पोलिसांनी जे केलं त्याचा उपयोग झाला का?

आता प्रयोगाकडे येऊ. गाव मिनिआपोलिस, अमेरिकेच्या उत्तर भागातलं थंड शहर. काळ १९८१ चा मार्च ते १९८२ चा ऑगस्ट. शर्मन तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावरचे. त्यांनी तिथल्या पोलिसांना एक विचित्र विनंती केली. घरातल्या मारहाणीची तक्रार आली आणि मार साधा असेल, म्हणजे जीवघेणी जखम नसेल, आणि नवरा किंवा जोडीदार जागेवर सापडला असेल, तर काय करायचं ते तुम्ही ठरवू नका. चिठ्ठी ठरवील. पोलिसांजवळ तीन रंगांच्या कागदांचं पॅड असायचं. वरचा कागद ज्या रंगाचा निघेल तसं वागायचं. एका रंगाला अटक. दुसऱ्या रंगाला समजुतीचं बोलणं. तिसऱ्या रंगाला त्या माणसाला आठ तासांसाठी घराबाहेर काढणं.

चिठ्ठी कशाला, असं वाटेल. शेतातलं उदाहरण घेऊ. एक बियाणं काळ्या जमिनीत पेरलं, दुसरं मुरमाड जमिनीत, आणि पहिल्याला जास्त उतारा आला. मग बियाणं चांगलं की जमीन? सांगता येत नाही. पोलिसांच्या मनावर सोडलं असतं तर त्यांनी जास्त मारकुट्या माणसांना अटक केली असती आणि नरम वाटणाऱ्यांना समज दिली असती. मग पुढं कुणी पुन्हा मारलं याचा हिशेब पाहून अटकेला यश द्यायचं की अपयश? चिठ्ठी टाकली की तिन्ही वाट्यांना सगळ्या प्रकारची माणसं सारखी येतात. चिठ्ठीची ही रीतही मुळात शेतीच्या प्रयोगांतूनच पुढं आली आहे.

इथं आम्हाला थांबावंसं वाटतं. मार खाल्लेल्या बाईच्या नशिबाचा कागद रंगावरून काढायचा, आणि तिला त्याबद्दल आधी विचारायचंही नाही, हे योग्य होतं का? त्या वेळीही लोकांनी हा प्रश्न विचारला होता आणि तो विचारायलाच हवा. काही सूट ठेवली होती. बाईनं अटकेचा आग्रहच धरला किंवा त्या माणसानं पोलिसावर हात उगारला तर चिठ्ठी बाजूला ठेवायची. शर्मन यांच्या बाजूनं बोलायचं तर एवढंच म्हणता येईल, की एरवीही त्या बाईचं नशीब चिठ्ठीवरच होतं. कोणता हवालदार ड्युटीवर आहे आणि त्याचा मूड कसा आहे, ही ती चिठ्ठी. फक्त तिचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. आमचं पूर्ण समाधान या उत्तरानं होत नाही. तुमच्या बैठकीत यावर जरूर बोला.

प्रयोगातला आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटलेला भाग मात्र नंतरचा आहे. पोलीस गेले, कागद झाला, की प्रकरण संपलं असं त्यांनी मानलं नाही. प्रयोगातल्या बायकांना शोधून काढायचं आणि दर दोन आठवड्यांनी, अशा २४ आठवडे, विचारायचं: पुन्हा मारलं का? हे काम सोपं नव्हतं. सुमारे ३३० प्रकरणांपैकी २०५ बायकांची पहिली मुलाखत झाली आणि शेवटपर्यंत, म्हणजे बाराही वेळा, १६१ जणीच सापडल्या. कुणी घर बदललं, कुणी दार उघडलं नाही, कुणाला बोलायचं नव्हतं. आपल्यातल्या ज्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन पाठपुरावा करतात त्यांना या आकड्यांमागचे पाय दिसतील.

निकाल असा लागला. पोलिसांच्या दप्तरानुसार, अटक झालेल्यांपैकी १० टक्के माणसांनी सहा महिन्यांत पुन्हा हात उचलला. समज दिलेल्यांपैकी १९ टक्के. आठ तास बाहेर काढलेल्यांपैकी २४ टक्के. बायकांनी स्वतः सांगितलेले आकडे याहून मोठे होते: अटक झाली तिथं १९ टक्के, समज दिली तिथं ३७ टक्के, बाहेर काढलं तिथं ३३ टक्के. या दोन हिशेबांमधला फरक नीट पाहा. दप्तरात १९ आणि बायकांच्या तोंडी ३७. म्हणजे समज दिलेल्या घरांमधला जवळपास निम्मा मार पोलिसांपर्यंत पुन्हा पोचलाच नाही. एकदा समज मिळाल्यावर बाई पुन्हा ठाण्याची पायरी चढत नाही आणि दप्तर म्हणतं, सगळं ठीक आहे.

१९८४ साली शर्मन आणि त्यांचे सहकारी रिचर्ड बर्क यांनी हे छापलं आणि मोठा गाजावाजा झाला. वर्तमानपत्रांत आलं, दूरचित्रवाणीवर आलं. अमेरिकेतल्या बायकांच्या संघटना आधीपासून म्हणतच होत्या, की घरातली मारहाण हाही गुन्हाच आहे. त्यांच्या हाती आकडे आले. शहराशहरांतल्या पोलिसांनी धोरण बदललं, कित्येक राज्यांनी अशा मारहाणीत अटक सक्तीचीच केली.

इथं दुसरा कुणी असता तर हार-तुरे घेऊन थांबला असता. पण एका शहरातल्या तीनशे प्रकरणांवरून सगळ्या देशाचं ठरवायचं नसतं, तोच प्रयोग दुसरीकडे पुन्हा व्हायला हवा, असं शर्मन यांनी पहिल्या लेखातच म्हटलं होतं. तसे प्रयोग झाले. मिलवॉकी नावाच्या शहरात त्यांनी स्वतः केला, १९८७-८८ मध्ये, १,२०० प्रकरणांचा. मिनिआपोलिसच्या चौपट. आणि तिथं वेगळंच निघालं. ज्यांच्या हाताला काम होतं त्या माणसांवर अटकेचा वचक बसला, मारणं कमी झालं. ज्यांना काम नव्हतं, त्यांच्यात अटकेनंतर मारहाण उलट वाढली. ज्याला नोकरी आहे, चार लोकांत तोंड दाखवायचं आहे, त्याला कोठडीची लाज वाटते. ज्याच्याजवळ गमवायला काही उरलं नाही, त्याला फक्त राग येतो, आणि तो राग कुणावर निघतो ते सांगायला नको. म्हणजे तुमच्या बैठकीतल्या दोन्ही बाजू खऱ्या होत्या, पण वेगवेगळ्या घरांसाठी.

स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला छेद देणारी ही गोष्ट शर्मन यांनी दडवली नाही. १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि सरसकट अटकेचे कायदे पुन्हा तपासा, असं उघड म्हटलं. त्यामुळं जे आधी त्यांची वाहवा करत होते त्यांतले पुष्कळजण नाराज झाले. काही अभ्यासक बायकांनी विचारलं, की बेकार माणसाला अटक करू नका म्हणायचं तर गरिबाच्या बायकोनं काय करायचं? प्रश्न रोकडा होता. पुढं दुसऱ्या अभ्यासकांनी पाच शहरांतले आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा २००१ साली निष्कर्ष आला, की एकंदरीत अटकेनं मारहाण कमी होते, पण थोडीच. वाद अजून चालू आहे, आणि खुद्द शर्मन यांनी २३ वर्षांनी मिलवॉकीच्या त्याच बायकांचा मागोवा घेतला तेव्हा तो आणखी गुंतागुंतीचा झाला. ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती, त्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण, समज दिलेल्यांच्या बायकांपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त निघालं. ते खून नव्हते. बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या दुखण्यांचे होते. डोळ्यांदेखत घरच्या माणसाला बेड्या पडल्याचा ताण शरीरात उतरतो की काय, असा तर्क आहे. यावरून आपल्याकडे कुणी ‘बघा, पोलिसांत जाऊ नका’ असं सांगू लागलं, तर ते ऐकू नका. अभ्यासाचं म्हणणं तसं नाही. पोलिसांनी एक कृती करून निघून जाणं पुरेसं नाही, एवढंच त्यात आहे.

ओमाहा शहरातली एक गोष्ट मात्र आपल्या फार कामाची. पोलीस येण्याआधीच नवरा पळून गेलेला असतो, हे आपल्याकडं नेहमीचं. ‘आला की कळवा’ म्हणून पोलीस परत जातात. फ्रँकलिन डनफर्ड या अभ्यासकानं ओमाहात अशीच प्रकरणं घेतली. काहींच्या नावानं अटकेचं वॉरंट काढलं, काहींच्या नाही. ज्यांच्या नावानं वॉरंट निघालं त्यांनी पुन्हा मारण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. पकडला नाही तरी, डोक्यावर टांगता कागद आहे हे त्याला ठाऊक असणं पुरलं.

आता शर्मन यांच्या विद्यार्थ्यांकडे येऊ. २००७ मध्ये ते इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथं त्यांच्या वर्गात बसायला नोकरीतले पोलीस अधिकारी यायचे. वर्षातले काही आठवडे वर्ग, बाकी वेळ आपापल्या ठाण्यावर काम. प्रबंध लिहायचा तो स्वतःच्याच खात्यातल्या प्रश्नावर: आम्ही हे करतो, त्याचा उपयोग होतो का, मोजून दाखवतो. वीस-पंचवीस वर्षं वर्दीत काढलेल्या माणसाला ‘तुम्हाला जे माहीत आहे असं वाटतं ते तपासून पाहा’ असं सांगणं सोपं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत आपल्या भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांनाही केंब्रिजच्या या मंडळींनी शिकवलं आहे.

त्या वर्गातून निघालेलं एक काम इंग्लंडच्या हॅम्पशायर भागातलं. तिथल्या पोलिसांनी, शर्मन आणि त्यांच्या सहकारी हीदर स्ट्रँग यांच्या मार्गदर्शनाखाली, पहिल्यांदाच हात उचललेल्या आणि गुन्हा कबूल केलेल्या माणसांचे चिठ्ठीनं दोन भाग केले. मार किरकोळ होता तीच प्रकरणं घेतली. सगळ्यांनाच लेखी ताकीद होती: पुन्हा केलंत तर खटला. एका भागाला एवढंच. दुसऱ्या भागाला ताकीद, आणि शिवाय दोन दिवसांची कार्यशाळा सक्तीची. गटात बसून बोलायचं, आपण काय केलं, घरात लेकरं काय पाहतात, राग आल्यावर दुसरं काय करता येतं. वर्षभरानं हिशेब केला. कार्यशाळेला गेलेल्यांनी पुढं केलेली इजा २७ टक्क्यांनी कमी भरली. ‘इजा’ म्हणण्याचं कारण आहे. त्यांनी नुसते गुन्हे मोजले नाहीत, त्यांचं वजन केलं. एक चापट आणि एक हाड मोडणं हे वहीत एक आणि एक असं धरायचं नाही. ज्याला कायद्यात जास्त शिक्षा, त्याचं वजन जास्त.

म्हणजे समज देणं आणि समज देणं यातही फरक आहे. तोंडी ‘जा, पुन्हा करू नको’ ही एक समज. लेखी, तारखेची, अटीची आणि पुढं कुणीतरी विचारायला येणार आहे अशी, ही दुसरी.

आपल्याकडं काय आहे ते थोडक्यात पाहू. प्राध्यापक आणि पोलीस एकत्र येण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रातही त्याच १९८४ साली सुरू झाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आत बसलेली सामाजिक कार्यकर्ती, असं त्याचं स्वरूप. आता असे कक्ष अनेक जिल्ह्यांत आहेत. तुमच्या जिल्ह्यातला कुठं बसतो ते विचारून ठेवा.

अटकेबद्दल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं, की नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या छळाच्या गुन्ह्यात आपोआप अटक करायची नाही. हे जुनं कलम ४९८-अ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ झालं. या निकालाचा अर्धाच भाग आपल्या कानावर येतो: ‘आता अटक होत नाही, ताई.’ दुसरा अर्धा असा, की अटक केली तर का, आणि नाही केली तर का, दोन्हीची कारणं पोलिसांनी लिहून ठेवायची आहेत. तेव्हा अटक नाही म्हणाले तर शांतपणे विचारायचं, साहेब, कारण कुठं लिहिलंय?

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. म्हणून जे घडलं ते पूर्ण सांगा: काठी होती का, किती वेळा झालं, जीव घेण्याची धमकी दिली का. गुन्हा दाखल झाला तर एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात लिहूनच घेतलं नाही तर लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

आणि ज्या बाईला नवऱ्याला आत टाकायचं नाही, फक्त मार थांबायला हवा आहे, तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत न्यायालयाकडून संरक्षण आदेश मिळतो, घरात राहण्याचा आदेश मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. त्यानं आदेश मोडला तर तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. ओमाहातल्या टांगत्या कागदाची आठवण आम्हाला इथं होते. तातडीला ११२ किंवा १८१.

शर्मन यांच्या लोकांनी जे पगार देऊन करून घेतलं, त्यातला एक भाग गट स्वतः करू शकतो, आणि काही गट करतातही. ठाण्यात जाऊन आलेल्या किंवा तंटामुक्ती समितीत ‘मिटलेल्या’ प्रकरणातल्या बाईकडे दर पंधरा दिवसांनी, सहा महिने, एकीनं जायचं. नदीवर, पीठगिरणीत, जिथं ती एकटी भेटेल तिथं, आणि नवऱ्याला कळणार नाही अशा बेतानं. विचारायचं एकच: पुन्हा मारलं का? उत्तर वेगळ्या वहीत, नावाऐवजी खुणेनं, तारीख घालून लिहायचं. वही अध्यक्षबाईंच्या घरी नको, जिच्या घरात ती कुणी चाळणार नाही तिच्याकडं ठेवायची. संरक्षण अधिकाऱ्यांकडे किंवा न्यायालयात जायची वेळ आली, तर त्या बाईला विचारूनच त्यातल्या तारखा बाहेर काढायच्या.